ज्यांनी सीपी/एम मरू दिलं नाही

१९८०च्या दशकात अमेरिकेत मोडेमने, म्हणजे कॉम्प्युटर फोनला जोडणाऱ्या यंत्राने, एक नंबर फिरवायचा आणि मिशिगनमध्ये किंवा न्यू जर्सीत कुणाच्या तरी घरातला कॉम्प्युटर तो उचलायचा. दोन-तीन प्रश्न विचारून झाले की आपल्या पडद्यावर आज्ञा मागणारं 'ए>' उमटायचं. हे 'ए>' आपल्या मशिनचं नव्हे, त्या घरातल्या मशिनचं. यापुढे आपण जे टाइप करू ते तिथे चालणार, तिथल्या फ्लॉप्या फिरणार. घराचा मालक वरच्या मजल्यावर झोपलेला असायचा, आणि त्याने आपलं तोंडही कधी पाहिलेलं नसायचं.

फोनवरून जोडायच्या कॉम्प्युटरला बुलेटिन बोर्ड किंवा नुसतं बोर्ड म्हणत. त्यातल्या अशा बोर्डांना आरसीपी/एम म्हणत, म्हणजे लांबून चालवायचं सीपी/एम. सीपी/एम ही गॅरी किल्डॉल यांनी १९७४ साली लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम, ८०८० आणि झेड-८० या प्रोसेसरांवर चालणारी. आयबीएम पीसी येण्याआधी लहान कॉम्प्युटरवर गंभीर काम करणारा माणूस बहुधा हीच वापरत असे.

वॉर्ड ख्रिस्टेन्सन ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले तेव्हा बुलेटिन बोर्डाचे जनक म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहून आलं. त्यात खोटं काही नाही. पण त्या बोर्डांवर जमलेल्या लोकांनी पुढे काय केलं, हे कुठेच नीट आलं नाही. कंपनीने हात काढून घेतल्यावर आणि दुकानदारांनी माल आवरल्यावरही या लोकांनी एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम पदरमोड करून वर्षानुवर्षं चालती ठेवली, नुसती चालती नाही तर सुधारत नेली. मी त्यांच्यातला एक होतो. मोठा कुणी नव्हतो, रात्री अकरानंतर फोन लावणाऱ्यांपैकी एक.

मी मूळचा सांगलीचा. वालचंदमधून इंजिनिअर होऊन एमएससाठी शिकागोला आलो आणि इथलाच झालो. नोकरीत दोन पैसे साठल्यावर केप्रो टू घेतला. धातूची पेटी, नऊ इंची हिरवा पडदा, दोन फ्लॉपी ड्राइव्ह, ६४ केबी मेमरी. जाहिरातीत पोर्टेबल म्हणत, पण वजन बारा किलोच्या आसपास. मी त्या मशिनवर मनापासून प्रेम केलं, आणि आजही तो माझ्या टेबलावर आहे.

पहिली अडचण फ्लॉपीची. आठ इंची फ्लॉपीचा साचा आयबीएमने ठरवून दिलेला होता, त्यामुळे ती कुठल्याही सीपी/एम मशिनमध्ये चाले. सव्वापाच इंची फ्लॉपी आली आणि प्रत्येक कंपनीने आपापला सवतासुभा उभा केला. केप्रोची फ्लॉपी ऑस्बोर्नला वाचता येईना, ऑस्बोर्नची मोरोला. प्रोग्रॅम तोच, प्रोसेसर तोच, ऑपरेटिंग सिस्टिम तीच, पण शेजारच्याकडची फाइल आपल्याकडे आणायची म्हटली की मार्ग खुंटला. फोनच्या तारेला मात्र फ्लॉपीशी काही देणंघेणं नव्हतं. माझ्या मते सीपी/एमवाले इतक्या लवकर आणि इतक्या संख्येने मोडेमकडे वळले त्याचं मोठं कारण हेच.

आणि त्या तारेवरून फाइल नेण्याची सोय वॉर्ड यांनी आधीच करून ठेवली होती. ते आयबीएममध्ये नोकरीला. रँडी सूस हे शिकागोच्या हौशी कॉम्प्युटर मंडळातले त्यांचे मित्र. दोघांना एकमेकांना फाइली पाठवायच्या होत्या म्हणून १९७७ साली वॉर्ड यांनी 'मोडेम' नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि फुकट वाटला. त्यातली पाठवण्याची रीत पुढे एक्समोडेम म्हणून जगभर गेली.

ही रीत इतकी साधी आहे की कागदावर लिहून दाखवता येते. घेणारा 'नॅक' हे एक अक्षर पाठवून सुरुवात करतो. देणारा एक तुकडा पाठवतो: सुरुवातीची खूण, तुकड्याचा क्रमांक, तोच क्रमांक उलटे बिट करून पुन्हा, मग १२८ बाइट मजकूर आणि शेवटी त्या सगळ्या बाइटांची एका बाइटात मावणारी बेरीज. बेरीज जुळली तर घेणारा 'ॲक' म्हणतो आणि पुढचा तुकडा येतो. नाही जुळली तर 'नॅक', आणि तोच तुकडा पुन्हा. ३०० बॉड या मोडेमच्या वेगाला सेकंदाला साधारण तीस अक्षरं जात, म्हणजे एका तुकड्याला चार-साडेचार सेकंद. तीस केबीची फाइल यायला सतरा-अठरा मिनिटं. तोवर घरात कुणी दुसरा फोन उचलला की त्या खरखरीत एक तुकडा बिघडायचा, 'नॅक' जायचं, तुकडा परत यायचा आणि गाडी पुढे सरकायची. तारेवरच्या आवाजातून माझी फाइल एकही अक्षर न बिघडता पार पडते हे मी पडद्यासमोर बसून पाहत राहायचो. रोज पाहूनही मला त्याचं अप्रूप वाटायचं.

१२८ बाइटच का? आयबीएमच्या आठ इंची फ्लॉपीवर एका सेक्टरमध्ये १२८ बाइट मावत. किल्डॉल यांनी सीपी/एमचा एक रेकॉर्ड तेवढाच धरला. वॉर्ड यांनी फोनवरचा तुकडा तेवढाच धरला, म्हणजे फ्लॉपीवरून एक उचला, तारेवर टाका, पलीकडे फ्लॉपीवर ठेवा, मध्ये काही जुळवाजुळव नको. गरजेपुरतं लिहिलेलं हे काम इतकं टिकेल असं त्यांना तेव्हा वाटलं असेल असं मला वाटत नाही.

जानेवारी १९७८ मध्ये शिकागोत जबरदस्त बर्फ पडलं. घरात अडकलेल्या वॉर्ड आणि रँडी यांनी ठरवलं, की मंडळाच्या भिंतीवर टाचणीने कागद लावायचा फळा असतो तसा फळा फोनवर करायचा. वॉर्ड यांनी प्रोग्रॅम लिहिला, रँडी यांनी यंत्र जोडलं, आणि १६ फेब्रुवारी १९७८ ही सीबीबीएस, म्हणजे हा फोनवरचा फळा, सुरू झाल्याची तारीख धरली जाते. यंत्र रँडी यांच्या घरी ठेवलं, कारण ते शहरात राहत आणि तिथे फोन लावणं बहुतेकांना स्वस्त पडे. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या 'बाइट' मासिकात दोघांनी सगळी रचना लिहून टाकली. गुपित म्हणून काही ठेवलंच नाही. ज्याला हवा त्याने आपल्या गावात बोर्ड उभा करावा.

मी सीबीबीएसला पहिल्यांदा फोन लावला तेव्हा त्याला पाच-सहा वर्षं होऊन गेली होती, तरी जुने प्रश्न अशा बोर्डांवर तसेच येत. आधी एंटर काही वेळा दाबायचं, म्हणजे पलीकडच्याला आपला वेग कळतो. मग तो विचारणार, तुम्हाला 'नल' किती हवेत? कागदावर छापणाऱ्या टर्मिनलचं मुंडकं ओळीच्या सुरुवातीला परत यायला वेळ लागतो, तेवढा वेळ काढायला ही रिकामी अक्षरं. मग, तुमच्या टर्मिनलवर लहान लिपीतली अक्षरं दिसतात का? ज्याच्याकडे जसं जुनंपानं यंत्र असेल त्याला तसंच आत घ्यायचं, अशी ती पद्धत होती. मला ते प्रश्न कधी कंटाळवाणे वाटले नाहीत.

सीबीबीएसवर निरोप वाचायचे आणि लिहायचे. आरसीपी/एम त्याच्या पुढचं पाऊल, कारण तिथे पूर्ण मशीनच हाती येई. हे शक्य झालं किल्डॉल यांच्या रचनेमुळे. त्यांनी यंत्राशी थेट बोलणारा भाग, म्हणजे बायॉस, बाकीच्या सिस्टिमपासून वेगळा ठेवला होता. कीबोर्डवरून अक्षर घ्यायचं आणि पडद्यावर टाकायचं ही कामं बायॉसच्या सुरुवातीच्या एका छोट्या तक्त्यातून जात. 'बाय' नावाचा प्रोग्रॅम मेमरीच्या वरच्या टोकाला बसून तो तक्ता आपल्याकडे वळवून घेई. मग मोडेममधून आलेलं अक्षर कीबोर्डवरून आल्यासारखंच. वर्डस्टारसारखा लिहिण्याचा प्रोग्रॅम असो की दुसरा कुठला, कुणालाच पत्ता नाही की समोर बसलेला माणूस शेकडो मैल लांब आहे.

किल्ल्या उघड्यावर टाकलेल्या नव्हत्या, हेही खरं. फाइल पुसण्याची आज्ञा काढून टाकलेली असे. चालवता येण्यासारख्या 'कॉम' फाइलींचं नाव बदलून 'ओबीजे' केलेलं असे, म्हणजे उतरवून घ्या, पण इथे चालवू नका. पण मुळात भिस्त होती ती येणाऱ्यावर. काही घेतलं तर काही द्यावं, निदान दोन ओळी लिहून जाव्यात, वेळ संपत आली की रेंगाळू नये, कारण लाइन एकच आणि रांगेत दुसरं कुणीतरी सारखं नंबर फिरवत बसलेलं. मला स्वतःला लाइन एंगेज लागत राहिली की राग यायचा, आणि एकदाची लागली की त्याच कारणाने घाई करायचो.

काही सिसॉपांकडे, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्यांकडे, वेगळी लाइन घ्यायला पैसे नसत. घरचा फोन तोच बोर्डाचा फोन. त्यांनी काढलेली युक्ती आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही: एक रिंग देऊन फोन ठेवायचा, थोडं थांबायचं, पुन्हा लावायचा. दुसऱ्या खेपेला कॉम्प्युटर उचलतो. सलग वाजत राहिला तर तो माणसांसाठी. आपला मिस्ड कॉलच तो, फक्त पंचवीस वर्षं आधीचा आणि यंत्राला दिलेला.

नवख्या माणसाची पहिली पायरी मात्र अवघड होती. मोडेमचा प्रोग्रॅम फोनवरून मिळतो, पण तो उतरवून घ्यायला आधी मोडेमचा प्रोग्रॅम लागतो. त्यासाठी 'एमबूट' नावाचा अगदी छोटा प्रोग्रॅम छापील कागदावरून हाताने टाइप करून घ्यायचा. तो एवढंच करी: एक फाइल घेणे. त्याच्या मदतीने मोठा प्रोग्रॅम आणायचा. मला तो कागद कामावरच्या एका वयस्क सहकाऱ्याने दिला. तो म्हणाला, टाइप करताना घाई करू नकोस, आणि झाल्यावर कागद पुढच्याला दे.

मोठा प्रोग्रॅम म्हणजे वॉर्ड यांच्या मोडेमचाच वंशज. त्याच्या पुढच्या कितीतरी आवृत्त्या कॅलिफोर्नियातल्या अर्व्ह हॉफ यांनी सांभाळल्या. ते हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने रेडिओवरून संदेश पाठवणारे. मोडेम जोडायच्या सीरियल पोर्टचा पत्ता प्रत्येक मशिनवर वेगळा, मग एकच प्रोग्रॅम सगळ्यांना कसा पुरणार? तोडगा असा: मूळ प्रोग्रॅम सगळ्यांना सारखा, आणि सुरुवातीचा एक तुकडा, ज्याला ओव्हरले म्हणत, मशिनगणिक वेगळा. केप्रोचा ओव्हरले केप्रोवाल्याने लिहायचा, मोरोचा मोरोवाल्याने. ज्याच्याकडे जे यंत्र, त्याने तेवढा भार उचलायचा. कंपन्यांनी एकमेकांपासून तोडलेली माणसं त्या चार-दोनशे ओळींच्या तुकड्यांनी जोडली गेली.

त्या फाइली उघडल्या की वरच इतिहास असे. तारीख, काय बदललं, कुणी बदललं त्याची आद्याक्षरं, सगळ्यांत नवी नोंद सगळ्यांत वर. खाली सरकत गेलं की शेवटी मूळ लेखक. असेंब्ली, म्हणजे थेट प्रोसेसरच्या आज्ञांत लिहायची भाषा, मी पुस्तकातून शिकलो होतो, पण ती लिहावी कशी हे या फाइलींनी शिकवलं. दुसऱ्याच्या कामात बदल करताना त्याचं नाव खोडायचं नाही, आपलं वर लिहायचं, हेही तिथेच शिकलो.

नावांचीही एक भाषा होती. मिनिटा-मिनिटाला पैसे पडत, म्हणून रिचर्ड ग्रीनलॉ यांच्या 'स्क्वीझ'ने फाइली आवळून ठेवत. आवळलेल्या फाइलीच्या नावाच्या शेपटीतलं मधलं अक्षर 'क्यू' व्हायचं. 'डीओसी'चं 'डीक्यूसी', 'एएसएम'चं 'एक्यूएम'. पुढे 'क्रंच' आलं तेव्हा त्या जागी 'झेड'. यादी पाहताच कळायचं की उतरवल्यावर काय करायचं आहे. माझ्या बायकोला ही नावं पाठ झाली होती. फोनचं बिल तीच भरायची, त्यामुळे आवळलेली फाइल कुठली आणि सुटी कुठली यात तिला रस होता.

आता माझ्या वाट्याची गोष्ट. इथल्या मराठी मंडळाचं पत्रक हाताने लिहून झेरॉक्स करत असू. माझ्याकडे एप्सनचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता आणि त्याला ठिपक्यांचं चित्र छापता यायचं, एका फेरीत आठ ठिपके उंच. आलेखाच्या कागदावर मी अक्षरं काढली. आठ ठिपक्यांत 'क' बसतो, पण 'कीं' बसत नाही. मग एक ओळ तीन फेऱ्यांत छापायची: वरच्या मात्रा-वेलांट्या, मधलं अक्षर, खालचे उकार, आणि फेऱ्यांमध्ये कागद बरोबर आठ ठिपके सरकवायचा. जोडाक्षरांनी माझे कित्येक शनिवार-रविवार घेतले. 'क्ष' आणि 'ज्ञ' मला कधीच मनासारखे जमले नाहीत. तरी पत्रक छापून निघालं तेव्हा मंडळातल्या एका आजींनी ते हातात धरून बराच वेळ वाचलं.

तो प्रोग्रॅम मी असेंब्लीतल्या मजकुरासकट एका बोर्डावर चढवला. देवनागरीचा तिथे कुणाला उपयोग, असं वाटलं होतं, पण घेतलं तर द्यावं हा नियम. काही महिन्यांनी तीच फाइल दुसऱ्या बोर्डावर दिसली. वर एक नवी नोंद होती. कुणीतरी तीन फेऱ्यांची रीत उचलून तिच्यात दुसऱ्याच एका लिपीचा तक्ता घातला होता, रिकाम्या फेऱ्या वगळून छपाईचा वेग वाढवला होता, आणि खाली माझी आद्याक्षरं जशीच्या तशी होती. तो माणूस कोण, मला आजवर कळलेलं नाही. त्याची सुधारणा मी माझ्या आवृत्तीत घेतली आणि त्याची आद्याक्षरं वर लिहिली.

या जगात माझं इंग्रजी कुणाला खटकलं नाही. ऑफिसच्या फोनवर मला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागायचं. बोर्डावर मी लिहिलेलं एकदाच वाचून लोक उत्तर द्यायचे.

बाजार मात्र उठत चालला होता. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला, आणि दोन-तीन वर्षांत नवे प्रोग्रॅम डॉस या त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीच निघू लागले. ऑस्बोर्न कंपनी १९८३ मध्ये दिवाळखोरीत गेली. दुकानात सीपी/एमची फ्लॉपी मागितली की विकणारा कीव केल्यासारखं बघायचा. आणि नेमकी याच काळात, माझ्या मते, सीपी/एमवरची सगळ्यांत चांगली कामं झाली. रिचर्ड कॉन आणि त्यांच्या साथीदारांनी १९८२ साली झेडसीपीआर काढलं, म्हणजे सीपी/एमचा आज्ञा वाचणारा भाग नव्याने लिहून बदली दिला. त्याची तिसरी आवृत्ती १९८४ची. तिच्यात डिरेक्टरीला नाव देता येत होतं, एका ओळीत अनेक आज्ञा लिहिता येत होत्या, नेहमीच्या आज्ञांना टोपणनावं देता येत होती. हे सगळं ६४ केबीत. झेडसीपीआर वापरणाऱ्या बोर्डांची साखळीच झाली, त्यांना झेड-नोड म्हणत. बॉस्टनजवळचा तिसरा नोड जे सेज चालवत. पेशाने भौतिकशास्त्रज्ञ. शिकागोत लिलिप्यूट नावाचा नोड होता, माझं जाणं-येणं बहुतेक तिथेच. १९८५च्या सुमारास टेलेनेट कंपनीने पीसी पर्स्यूट काढलं: महिन्याला २५ डॉलर, आणि रात्री व सुट्टीच्या दिवशी दूरच्या शहरांतल्या मोडेमना हवा तेवढा वेळ. आमच्या घरातली फोनबिलाची कुरबुर त्या महिन्यापासून थांबली.

फाइलींचा सांभाळ हाही कुणीतरी अंगावर घेतलाच. मिशिगनमधल्या रॉयल ओकचा आरसीपी/एम चालवणारे कीथ पीटरसन पुढे सिमटेल-२० वरचा सीपी/एमचा संग्रह राखत. ते यंत्र न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स या क्षेपणास्त्र चाचणीच्या लष्करी तळावर, इंटरनेटच्या पूर्वज अर्पानेटला जोडलेलं. हौशी लोकांनी रात्री जागून लिहिलेले प्रोग्रॅम लष्कराच्या यंत्रावर सुखरूप ठेवलेले. न्यू जर्सीचं सिग/एम हे मंडळ आठ इंची फ्लॉप्यांवर तेच काम टपालाने करत होतं. १९९४ मध्ये वॉलनट क्रीक कंपनीने सीपी/एमची एक सीडी काढली आणि त्यातलं पुष्कळसं एका चकतीवर आलं. आज हे सगळं मिळतं ते या माणसांमुळे. कुठल्या कंपनीने ते जपलेलं नाही.

आपल्याकडे हे वारं आलं तेव्हा सीपी/एमचे दिवस सरले होते, बोर्ड आले ते डॉसवर. मुंबईत लाइव्ह वायर होता. बंगळूरला अतुल चिटणीस यांचा सिक्स. चिटणीस बेळगावात वाढलेले. पुढे लिनक्ससाठी त्यांनी भारतात जे काम केलं ते पुष्कळांना माहीत आहे. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने इंटरनेट लोकांना खुलं करण्याआधीचे हे बोर्ड. फोन मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागणाऱ्या देशात एक लाइन रात्रभर परक्यांसाठी सोडून देणं ही किती मोठी गोष्ट होती, हे त्या काळात घरी फोन असणाऱ्यांनाच कळेल. त्या बोर्डांवर बसलेल्या मराठी माणसांनी आपल्या आठवणी लिहून ठेवाव्यात असं मला फार वाटतं. माणसं जात आहेत. रँडी सूस डिसेंबर २०१९ मध्ये गेले, वॉर्ड गेले, किल्डॉल तर १९९४ मध्येच.

माझा पुतण्या पुण्यात नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे. गेल्या दिवाळीत फोनवर सांगत होता, की एका नव्या सर्किट बोर्डाची मेमरी कोरी झाली, शेवटी सीरियल केबल जोडून एक्समोडेमने प्रोग्रॅम चढवला. हे कुणी काढलं हे त्याला ठाऊक नव्हतं. मी नाव सांगितलं. मग त्याने विचारलं, काका, यात तुकडा १२८ बाइटचाच का असतो? आमचं बोलणं त्या दिवशी बरंच लांबलं.